भागरथाबाईंचं विशाखापट्टणम

भागरथाबाईंनी पहिल्या भेटीत मला "आलात कधी" असं विचारलं नाही, "जाणार कधी" असं विचारलं. कोंढ्याच्या शाळेत माझी नुकतीच बदली झाली होती आणि खोली बघायला मी त्यांच्या अंगणात पिशवी घेऊन उभी होते. "मॅडम, जाणार कवा ते सांगा पयले. मंग खोली कोनती द्याची ते पाहू." मला राग आला. पाणी विचारायचं सोडून ही बाई मला घालवायलाच निघाली, असं वाटलं. मागची खोली पावसाळ्यात गळते, उन्हाळ्यापुरतं राहायचं असेल तरच ती द्यायची, हा त्यामागचा विचार मला नंतर कळला. पुढच्या खोलीत मी सहा वर्षं राहिले.

त्यांचं सगळंच असं शेवटाकडून सुरू व्हायचं. लग्नाची पत्रिका आली की मुहूर्ताआधी प्रश्न, "परत येयाची शेवटची बस कितीची?" वर्गणी काढून सार्वजनिक जेवण करायचं ठरलं, तर गावातल्या बायका भाजी कोणती यावर भांडत असताना या मध्येच मोठ्या पातेल्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, "गंज घासणार कोन ते ठरवा, मंग चुलीवर मांडा." त्यावर भाजीचं भांडण मिटे आणि निम्मं जेवण तिथेच आटोपशीर होई.

मला वाटतं, हे सगळं रोवणीतून आलेलं होतं. सात बायकांच्या रोवणीच्या टोळीच्या त्या म्होरक्या. चिखलात वाकून धानाचे पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, लावायचे आणि एकेक पाऊल मागे सरकायचं, हे काम त्यांनी चाळीस वर्षं केलं. लावलेलं डोळ्यांपुढे, राहिलेलं पाठीशी. "मागचा बांध कोठं हाये ते ठाव असलं की पाय बरोबर पडते," असं त्या टोळीतल्या नव्या सुनांना सांगत. अशा बाईनं विचारही मागूनच करावा यात नवल ते काय.

त्यांच्या शेजारची पात नेहमी कौतिकाची. पात म्हणजे रोवताना एकेकीच्या वाट्याला येणारा पट्टा. कौतिका त्यांची धाकटी जाऊ. एकाच अंगणात दोघींची समोरासमोर घरं, दोघींचे नवरे गेलेले. भागरथाबाईंचं तोंड चालायचं आणि कौतिकाची मान हलायची. अंगणातल्या कोंबड्यासुद्धा कौतिकापेक्षा जास्त बोलत, असं मी गमतीनं म्हणायचे आणि तीही हसून मानच हलवायची.

एका वर्षी रोवणीत कौतिकाच्या पातीच्या दोन्ही कडांना जागा सुटू लागल्या. भागरथाबाईंनी दोन दिवस कोणाला न कळू देता त्या स्वतः भरल्या. तिसऱ्या दिवशी तिचा हात धरून तिला बांधावर आणलं आणि दोन बोटं तिच्या कानाजवळ धरून विचारलं, "किती हायेत?" कौतिका म्हणाली, "काय किती?" दुसऱ्या दिवशी रोवणी सोडून भागरथाबाई तिला नागपूरला घेऊन गेल्या. ऐन रोवणीत ही बाई शेताबाहेर गेलेली गावानं प्रथमच पाहिली.

काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांवर टिकेल तेवढी टिकेल, फार तर वर्ष-दीड वर्ष, असं डॉक्टरांनी सांगितलं. परतीच्या बसमध्ये भागरथाबाईंनी आपल्या पद्धतीनं शेवटाचा प्रश्न विचारला, "कौतिका, तुले काही पायचं राहून गेलं का?" वाटेतलं भिवापूर मागे पडलं. मग ती म्हणाली, "समुद्र." आयुष्यात तिनं कोणाकडे काही मागितल्याचं भागरथाबाईंना आठवत नव्हतं.

संध्याकाळी त्या माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "मॅडम, दिवस पाण्यातून निघते तो समुद्र कोनता?" मी म्हटलं, पूर्वेचा. पण मुंबई सोयीची, ओळखीची. त्यांनी मान हलवली. "मुंबईले मानसं पायता पायताच डोरे दुखतात. अन् कौतिकाले सकारी बरं दिसते. दिवस निंगन तोच समुद्र पायजे." असं आमचं विशाखापट्टणम ठरलं. बातमी टोळीत पसरली आणि दोघींच्या सात झाल्या. आठवी मी, कारण तिकिटं फोनवर काढायला कोणीतरी शिकलेलं लागतंच.

मला मास्तरकीची खोड. मी वहीत अडीच दिवसांचा कार्यक्रम आखला: पाणबुडीचं संग्रहालय, रोपवेची टेकडी, दीपगृह, देऊळ, मत्स्यालय आणि टोळीतल्या चौघी बौद्ध म्हणून समुद्राकाठच्या डोंगरावरचे जुन्या विहाराचे अवशेष. छपरीत, घरापुढच्या ओसरीत, बसून मोठ्या हौसेनं वाचून दाखवला. भागरथाबाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "डोंगरावरचा विहार राहू द्या. तेथून पानी दिसत असन. बाकीचं खोडा. तिचे डोरे कायले तिकडं खर्च कराचे?" माझा चेहरा पडलेला पाहून कौतिका हळूच म्हणाली, "पाणबुडी पाहू की वो बाई." पाणबुडी राहिली. बाकीचा माझा अभ्यासक्रम रद्द झाला.

मग दिवस ठरवायचे. भागरथाबाईंनी अर्थातच परतण्यापासून सुरुवात केली. कार्तिकी पुनवेला उशिरा पिकणाऱ्या भारी धानाची कापणी लागणार, त्याआधी दोन दिवस विळे पाजवायला, म्हणजे बारशीला, द्वादशीला, घरात पाय पाहिजे. तिथून गाडीचे दिवस, राहण्याचे दिवस असं मोजत मोजत त्या मागे आल्या आणि अष्टमीवर थांबल्या. "छटीले आपली मंडई. सातवीले पावने वाटे लावाचे. आठवीले निंगाचं." एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. मी तिकिटं काढली. "तेथं भात भेटन का?" म्हणून प्रत्येकीनं दोन-दोन पायल्या तांदूळ बांधायचंही ठरलं. तिकडची माणसं तिन्ही त्रिकाळ भातच खातात, असं मी दहादा सांगितलं. भागरथाबाईंचं उत्तर ठरलेलं. "त्यायचा भात त्यायले. आपल्या पोटाले आपला ठाव हाये." हे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. मंडईच्या दिवशी गावात दुकानं, दंडार हा नाचगाण्याचा खेळ आणि उजाडेपर्यंत नाटक. लेकी-जावई, व्याही, व्याह्यांचे शेजारी, सगळे न बोलावता येतात. त्या दिवशी घराला कुलूप लावणं म्हणजे पाहुण्याला दारातून परत पाठवणं, आणि ते गाव विसरत नाही. आमची मंडई किती वर्षं छटीलाच भरत आलेली. तिकिटं काढताना तारीख बदलू शकते हे कोणाच्याही मनात आलं नाही. माझ्या नाही, गावच्या सात बायकांच्याही नाही. आणि दसऱ्यानंतरच्या बैठकीत ठरलं की नाटक मंडळींना छटीची तारीख दुसऱ्या गावानं दिली आहे, आपल्याला दशमी मिळाली. दशमीला आम्ही समुद्रावर असणार होतो. शेवटाचा खुंटा भागरथाबाईंनी पक्का ठोकला होता. उपटला तो सुरुवातीचा.

तीन दिवसांत टोळी गळाली. कोणाचा नवा जावई पहिल्यांदा येणार होता, कोणाची सासू डोळे वटारून बसली होती. पंचफुला, टोळीतली सर्वांत दांडगी बाई, अंगणात येऊन रडली. "काकी, माह्या घरी पंधरा मानसं येऊन राहिली, कसं करू?" भागरथाबाई कोणालाच रागावल्या नाहीत. पण शेवटी कौतिकाच म्हणाली, "बाई, नोको जाऊ. तुमच्या पोरी येतात मंडईले. घर बंद कसं ठेवाल? पुढच्या सालाले पाहू."

"पुढच्या सालाले तू काय पायशीन?" भागरथाबाई एकदम बोलून गेल्या. नंतर त्या चुलीपुढे जाऊन बसल्या आणि आग नसताना फुंकत राहिल्या. त्यांचे डोळे ओले मी तेव्हा पाहिले. तिकिटं रद्द करायची का, हे विचारायला मी गेले होते. न विचारता परतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पदर खोचून निघाल्या. टोळीतल्या प्रत्येकीच्या दारात जाऊन एकच बोलल्या. रोवताना कोणी लेकराला पाजायला बांधावर गेली, तर तिच्या दोन्ही बाजूच्या बायका तिची पात आपसात वाटून घेतात, ओळ मोडू देत नाहीत. ते कोणी सांगावं लागत नाही आणि त्याचे उपकारही कोणी मानत नाही. भागरथाबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "या मंडईले माही अन् कौतिकाची पात तुमी घ्या." पंचफुलानं त्यांच्या दोन्ही लेकी, जावई आणि नातवंडं घेतली. दुसरीनं कौतिकाच्या माहेरची माणसं घेतली. तिसरीनं दोन्ही घरांची दारं दिवसभर उघडी ठेवायचं आणि येईल त्याला पाणी द्यायचं पत्करलं. दुपारपर्यंत सगळं वाटून झालं.

फुकट मात्र काहीच झालं नाही. थोरल्या लेकीला त्यांनी फोनवर सांगितलं, "ये, पन पंचफुलाकडं उतर." लेक म्हणाली, "सख्ख्या मायचं घर असून मी परक्याच्या घरी जेवू? तुले पोरीपेक्षा जाऊ जास्त झाली." ती मंडईला आलीच नाही आणि पुढे कितीतरी महिने आईशी बोलली नाही. भागरथाबाईंना ते लागलं होतं. फोन वाजला की त्या हातातलं टाकून धावत. पण चूक झाली असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. "लेकीले माय पुढंबी दिसन," एवढंच बोलल्या.

अष्टमीला आम्ही तिघी निघालो. गाडीत त्यांनी कौतिकाला खिडकी दिली नाही, वाऱ्यानं डोळ्यांत कचरा जाईल म्हणून. तांदळाचं गाठोडं पायाशी होतं आणि ते तसंच परत आलं, कारण पहिल्याच जेवणात तिकडच्या भातावर दोघी खूश झाल्या. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात भागरथाबाई म्हणाल्या, "मॅडम, जेवा मुकाट्यानं."

पुढे माझी बदली लाखनीला झाली. भागरथाबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या, तापाचं निमित्त होऊन, चार दिवसांत. मी गेले तेव्हा थोरली लेक पायाशी बसून हंबरडा फोडत होती आणि कौतिका उशाशी बसून जावेचा चेहरा हातानं चाचपत होती. तिची नजर त्याआधीच पूर्ण गेली होती. पंचफुला मला म्हणाली, "मॅडम, आता आमाले कोन सांगन परत येयाचं कवा?" मला रडू आवरलं नाही. सहा वर्षांत मी त्या बाईकडून जे शिकले, ते कुठल्या प्रशिक्षणात शिकले नव्हते: आपल्या माणसाजवळ किती वेळ उरला आहे तो आधी मोजावा आणि मग बाकीची कामं मांडावीत. पण त्यांची आठवण आली की मला ना रोवणी दिसते ना ते उशापायथ्याचं रडणं. मला विशाखापट्टणमची पहिली सकाळ दिसते.

आम्ही उजाडायच्या आत किनाऱ्यावर गेलो होतो. दोघींनी चपला हातात घेतल्या होत्या. भागरथाबाईंनी कौतिकाचा एक हात धरला, दुसरा मी. सूर्य पाण्यातून वर आला, लाल, मग पिवळा. लाटा पायांवर येऊन गेल्या तशी कौतिका दचकली आणि नंतर स्थिर उभी राहिली. किती तरी वेळ ती नुसती समोर बघत होती. जन्मभर तिनं पाणी पाहिलं ते गावतलावाचं आणि वैनगंगेचं. पाण्याकडे बघायचं म्हणजे पलीकडचा काठ शोधायचा, झाडं शोधायची, एखादं जनावर, एखादं माणूस. ती आताही तेच शोधत होती.

"बाई," ती अगदी हळू म्हणाली, "पल्याड काहीच दिसून नाई राहिलं. माहे डोरे गेले का वो?"

 धीर द्यायचा म्हणून काहीतरी बोलून टाकणाऱ्यांतल्या भागरथाबाई नव्हत्या. त्यांनी कपाळावर आडवा हात धरला आणि डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत सगळा समुद्र सावकाश, नीट बघून घेतला.

"मलेबी नाई दिसून राहिलं," त्या म्हणाल्या. "मॅडम, तुमाले दिसते का?"

"नाही," मी म्हटलं.

"कोनालेच नाई दिसत, कौतिका."

"मंग तुमच्याइतकंच दिसते मले," कौतिका म्हणाली. तिनं आमचे दोघींचे हात सोडले आणि ती एकटीच दोन पावलं पुढे पाण्यात गेली.