साप नसलेल्या देशातले मामंजी

मामंजी चालताना समोर बघत नसत. त्यांची नजर जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, दगडांच्या फटींत असायची. परदेशात क्लेअर नावाच्या परगण्यात आम्ही राहायचो, तिथे मातीपेक्षा दगड जास्त. शेतांच्या कडेनं नुसत्या एकावर एक रचलेल्या दगडांचे गडगे लांबवर गेलेले. अशा एखाद्या गडग्यापुढे ते पाच-पाच मिनिटं उभे राहायचे. तुझ्या सासऱ्यांचं काही हरवलंय का, असं शेजारच्या नोरानं मला एकदा विचारलंही होतं.

हरवलं काही नव्हतं, हे मी तिला समजावून सांगितलं. आजरा तालुक्यात वनखात्यात गार्ड म्हणून त्यांनी तीसेक वर्षं काढली होती, आणि कुणाच्या घरात साप निघाला की आसपासच्या वाड्यांवरून बोलावणं त्यांनाच यायचं. ती नजर काही निवृत्त झाली नव्हती. सासूबाई गेल्यावर दोन वर्षांनी, २०२०च्या फेब्रुवारीत, ते तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले आणि मार्चमध्ये सगळं बंद झालं. माझा नवरा मिलिंद डॉक्टर. घरी आजार आणायला नको म्हणून त्यानं हॉस्पिटलजवळ खोली घेतली. घरात उरलो मी, माझा लॅपटॉप आणि मामंजी. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण तोवर आमचं बोलणं म्हणजे फोनवर ‘जेवलात का’ एवढंच.

पहिल्या आठवड्यात विषय काढायचा म्हणून मी त्यांना सांगितलं की या देशात साप नाहीतच. ते म्हणाले, “म्हाईत हाय. म्हणून तर आलो.” मला ती गंमत वाटली.

कुठल्याही गोष्टीचं नाव पटकन घ्यायचं नाही, ही त्यांची दुसरी सवय. परसात कुठला पक्षी आलाय, दुधाला वास येतोय का, हा रस्ता गावाकडेच जातो ना, काहीही विचारलं तरी उत्तर एकच: “बघू दे की जरा.” सुरुवातीला मला याचा वैताग यायचा. दिवसभर कॉलवर लोकांना ताबडतोब उत्तरं द्यायची आणि चहात साखर बरोबर आहे का, हे कळायलाही इथे अर्धा कप संपायचा. घरापासून दोन किलोमीटरच्या आतच फिरायची परवानगी होती तेव्हा त्यांना एका गडग्यावर ऊन खात बसलेली तपकिरी पाल दिसली. चार दिवस ते रोज त्याच वेळेला तिथे गेले. पाचव्या दिवशी मला नेऊन दाखवली आणि म्हणाले, “आपल्याकडच्या सरड्याच्या जातीची वाटतीया. पण वाटतीया म्हटलंय मी.”

जूनमध्ये एका सकाळी नोराचा फोन आला. नोरा सत्तरीची, एकटी राहणारी, कधी आवाज न चढवणारी बाई. कशी आहेस विचारलं की ‘ग्रँड’, म्हणजे मजेत, एवढंच म्हणायची. त्या दिवशी तिचा आवाज कापत होता. बागेतल्या काळ्या प्लास्टिकखाली साप निघाला होता आणि पलीकडच्या शेतातला तिचा पुतण्या फावडं घेऊन उभा होता. तुझ्या सासऱ्यांना विचार, म्हणाली, मारायचा की नाही ते.

मी मामंजींना सांगितलं. ते खुर्चीतून उठले नाहीत. म्हणाले, “मी आता साप ओळखत न्हाई. दुसऱ्या कुणाला तरी बोलवायला सांग.” या देशात दुसरं कोण येणार, असं मी म्हटल्यावर ते उठून बूट घालायला लागले.

नोराच्या बागेत त्यांनी आम्हा सगळ्यांना लांब उभं केलं. प्लास्टिकखाली वीतभर लांबीचं, पितळेसारखं चकचकीत काहीतरी वेटोळं करून पडलं होतं. मला तो सापच वाटला. मामंजी गुडघ्यांवर बसले आणि बघत राहिले. पुतण्यानं दोनदा घड्याळ पाहिलं. मग मामंजींनी मला हाक मारली. “त्याच्या डोळ्याकडं बघ.” मी वाकून बघत राहिले. त्या प्राण्यानं डोळा मिटला आणि उघडला. “सापाला पापणी नसती,” ते म्हणाले. “हा पालीतला हाय. पाय तेवढे न्हाईत. शेपटीला धरू नका, तुटंल. कुणाला काही करणार न्हाई हा.”

मी ते सगळं इंग्रजीत सांगितलं. पुतण्यानं फावडं खाली ठेवलं. नोरानं विचारलं, त्यांची खात्री आहे ना? मी मामंजींकडे पाहिलं. त्यांनी पुन्हा एकदा वाकून बघितलं आणि मान हलवली. नंतर मी शोधलं तर कळलं की पूर्वी कुणीतरी आणून सोडलेल्या अशा बिनपायाच्या पाली आमच्याच भागात आहेत.

घरी आल्यावर त्यांनी दोनदा हात धुतले आणि स्वयंपाकघरात बसून राहिले. मी समोर भात ठेवला, तर त्याला हात न लावता बोलायला लागले. नऊ वर्षांपूर्वी दत्तू नावाच्या माणसाच्या बायकोला जमिनीवर झोपलेली असताना साप चावला. सकाळी लोकांनी मारलेला साप मामंजींपुढे आणून टाकला. काळा, पांढरे पट्टे, डोकं ठेचलेलं. ते कामावर निघाले होते. उभ्याउभ्याच बघितला आणि म्हणाले, कवड्या आहे, बिनविषारी, घाबरू नका. त्यामुळे तिला दवाखान्यात नेलं नाही. ती विषारी मण्यार होती. दुपारपर्यंत बाई गेली.

“मण्यारीच्या पाठीवरचे मधले खवले मोठे असत्यात. ते बघायला किती वेळ लागतोय? पालथा तर पडला होता माझ्यापुढं,” मामंजी म्हणाले. “दत्तू एक शब्द बोलला न्हाई मला. त्या दिवसापासनं मी त्याच्या दारावरनं गेलेलो न्हाई. लांबच्या वाटेनं जातो.”

सासूबाईंनाही त्यांनी हे कधी नीट सांगितलं नव्हतं. तुमची चूक नव्हती असं म्हणणं खोटं झालं असतं, आणि खोटं त्यांना लगेच कळलं असतं. मी विचारलं, “मामंजी, दत्तूंना तुम्ही हे कधी सांगितलंत का? की तुम्ही नीट बघितलं नव्हतं, हे?” त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि गार झालेला भात संपवला. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, मीही नाही.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत त्यांना विमान मिळालं. तीन महिन्यांसाठी आलेला माणूस वर्षभर राहून निघाला होता. नोरानं त्यांना स्वतः विणलेला मफलर दिला. विमानतळावर मास्कमुळे चेहरा अर्धाच दिसत होता. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी मला खांद्याला धरून उभं केलं आणि म्हणाले, “तू मला त्या दिवशी बरं वाटंल असं काही बोलली न्हाईस. चांगलं केलंस.” मिलिंदला काही कळलं नाही. गाडीत त्यानं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, त्यांनाच विचार.

गावी सात दिवस ते वेगळ्या खोलीत राहिले. आठव्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. मी कॉलवर होते, तो सोडून बाहेर आले.

“दत्तूकडं गेलो होतो,” ते म्हणाले. “सगळं सांगितलं. त्यो म्हणला, मला म्हाईत होतं, त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही येताय कधी याची वाट बघत होतो.”

मी विचारलं, मग?

“मग काय. त्याच्या सुनंनं च्या आणला. प्यालो.”