बोटांना सगळं कळतं

माझा मोठा भाऊ पेस्टलनं माणसांचे चेहरे काढतो. चांगले काढतो, ते मी नाकारत नाही. पण घरात कलाकार असला की घरच्यांना काय सोसावं लागतं, ते कुणी प्रदर्शनात मांडत नाही. दिव्याच्या बटणावर निळी बोटं, फ्रिजच्या दारावर केशरी बोटं, आणि टॉवेलांबद्दल तर बोलायलाच नको. वहिनीनं पांढरे टॉवेल आणणं कधीच सोडून दिलंय.

पेस्टल म्हणजे खडूसारखी रंगाची कांडी. ती कागदावर घासायची आणि मग रंग बोटानं पसरवायचा, तेव्हा कुठे गालाला गोलाई येते. कागद असतो खरखरीत, सुताराच्या पॉलिशपेपरचा धाकटा भाऊच. तो कातडी सोलतो, रंगाची भुकटी हातातलं उरलंसुरलं तेल शोषून घेते, आणि वर दादा दिवसातून दहा वेळा हात धुणार. तेही भांडी घासायच्या साबणानं, कारण म्हणे साध्या साबणानं रंग निघत नाही. मग व्हायचं तेच झालं. बोटांची टोकं जाड झाली, त्यांना भेगा पडल्या, आणि थंडीत त्यांतून रक्त यायला लागलं.

दुसरा कुणी असता तर त्यानं हात खिशात घातले असते. आमचे बंधुराज ते मिरवायला लागले. पाहुणे आले की चहाचा कप असा धरायचा, की समोरच्याला भेगा दिसल्याच पाहिजेत. समोरचा हळहळला की हा मंद हसून म्हणणार, "चित्र काही फुकट येत नाही." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त आमच्याकडे अवलक्षणाचं कौतुक व्हायचं.

मी इस्पितळात ड्रेसिंगच्या खोलीत काम करते. बावीस वर्षं झाली. दिवसातून पन्नास-साठ वेळा हात धुते, माझेही हात फुटतात. पण "जखम काही फुकट बांधली जात नाही" असं म्हणून मी पेशंटच्या नाकासमोर हात नाचवलेले नाहीत. खिशातली ट्यूब काढते, क्रीम चोळते आणि पुढच्याला आत बोलावते.

दादाला मी किती वेळा सांगितलं. पातळ रबरी हातमोजे घालून काम कर. झालं की कोमट पाण्यानं, सौम्य साबणानं हात धू. हात ओलसर आहेत तोवर मलम लाव, आणि झोपताना जाड थर देऊन वर सुती मोजे चढव. यात न समजण्यासारखं काय आहे?

"हातमोजे?" तो असा म्हणाला, जणू मी त्याला डोळे बांधायला सांगितलं होतं. "तू तान्ह्या बाळाच्या गालावरून हातमोजे घालून हात फिरवतेस का?"

"फिरवते. रोज फिरवते. मला त्याचाच पगार मिळतो."

"बोटांना सगळं कळतं, छकुले. ते तुला नाही समजायचं."

मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. अजून छकुली.

एकदा वहिनीनं फारच मनावर घेतलं, तेव्हा स्वारी मलम लावायला तयार झाली. कधी लावलं? कामाला बसायच्या आधी, बचकभर. त्या आठवड्यात एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचं चित्र चाललं होतं. बाई निवृत्त होणार, चित्र शाळेत लागणार, असा सगळा थाट. दादानं तेलकट बोट बाईंच्या गालावरून फिरवलं आणि तिथे तीन काळपट डाग उमटले. तेल लागलेल्या कागदावर पेस्टल धरत नाही. तो जितका रंग चढवायला गेला तितके डाग ठळक झाले. शेवटी बाई अशा दिसायला लागल्या, की जणू शाळेनं त्यांना निवृत्त नव्हे, निलंबित केलंय.

दादाचा मला फोन. "तुझ्या मलमानं माझं चित्र बुडवलं."

"मलम काम झाल्यावर लावायचं असतं रे."

"तसं डबीवर लिहिलेलं नाही."

नाचता येईना अंगण वाकडं. बाई पहिल्यापासून पुन्हा काढाव्या लागल्या, आणि मलमाची डबी गेली माळ्यावर.

मीही हट्टी. त्याचीच बहीण. दुकानातून हातमोज्यांचं खोकं विकत घेतलं आणि त्याच्या टेबलावर नेऊन आदळलं. पुढच्या आठवड्यात गेले तर काय, दादा हातमोजे घालून कामाला बसलेला. मला इतका आनंद झाला की मी चपला काढायची विसरले. जवळ जाऊन बघते तो मोज्यांची टोकं कात्रीनं कापलेली. दहाच्या दहा.

"आता तळहात वाचतो आणि स्पर्शही राहतो," तो म्हणाला.

तळहाताला धाड भरली होती का? भेगा होत्या टोकांना. रंग घासत होता तो टोकांनी. छत्रीचं कापड काढून नुसत्या काड्या धरून उभं राहावं, तसा प्रकार. वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाली, "कापलेली टोकं टेबलाखाली पडली होती. ह्यांनी मोजे टाकून तेवढी टोकं घातली असती ना, तरी चाललं असतं." बावीस वर्षं मी इस्पितळात आहे, पण निदान केलं ते वहिनीनं.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं. पण दादा रविवारी सकाळी घराच्या पुढच्या खोलीत वर्ग घेतो. दहा-बारा मोठी माणसं येतात, आठवडाभर आकडेमोड नि फायली करून वैतागलेली. त्यांच्यातल्या एक बाई बँकेत आहेत. एका सोमवारी त्या बाई माझ्या खोलीत आल्या. उजव्या हाताची तर्जनी टम्म सुजलेली, भेगेत पू झालेला.

"इतके दिवस काय करत होतात?" मी विचारलं.

"सर म्हणतात, हात फाटला की चित्र सुरू झालं," बाई म्हणाल्या. आणि खोटं कशाला बोलू, त्या हे जरा अभिमानानंच म्हणाल्या.

डॉक्टरांनी पू काढला, मी बोट बांधलं. बाईंनी दात आवळून सगळं सोसलं. मला मात्र दादाचा असा संताप आला, की ड्यूटी संपल्यावर मी घरी न जाता थेट त्याच्याकडे गेले. जाताना एक सुई आणि कापसाचा बोळा घेतला. याला शब्दांनी सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

"डोळे मीट," मी म्हटलं. "बोटांना सगळं कळतं ना? मग सांग, कापूस की सुई."

तो हसला, डोळे मिटले, आणि परीक्षेला बसावं तसा ताठ बसला. डाव्या हाताची सगळी बोटं बरोबर आली. उजवा अंगठा बरोबर. उजव्या तर्जनीला मी कापूस लावला. तो गप्प. सुई लावली. तरी गप्प. जरा दाबली.

"कापूस," तो म्हणाला.

त्याच्या बोटावर रक्ताचा ठिपका आला होता. वहिनीनं तो पाहिला आणि ती खुर्चीत बसली. मी मधलं बोट तपासलं. तिथेही तेच.

"दादा, केव्हापासून?"

त्यानं डोळे उघडले. रक्त बघितलं, अंगठ्यानं पुसलं. "दोनेक वर्षं."

"आणि हातमोजे घालत नव्हतास. स्पर्श जाईल म्हणून."

"घातले असते आणि चित्र तसंच आलं असतं तर?" तो म्हणाला. "मग इतकी वर्षं मी लोकांना काय सांगत आलो?"

माझ्या जिभेवर दहा टोमणे तयार होते. वाटेतच जुळवले होते. पण एकही बाहेर पडेना. माझा भाऊ लबाड आहे, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तो इतका घाबरलेला आहे हे मात्र कधी कळलं नाही, आणि मला त्याच्यासाठी रडू आलं.

दुसऱ्या दिवशी त्याला धरून आमच्या त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, कातडी फार जाड झालीय, भेगा खोल आहेत. तीन महिने नीट जपलं तर संवेदना बरीचशी परत येईल. असंच चालू ठेवलं तर खात्री नाही. दादानं एका शब्दानं वाद घातला नाही. वहिनीनं भांड्यांचा साबण कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. डबी माळ्यावरून खाली आली.

त्या रविवारी मी वर्गाला जाऊन बसले, कारण माझा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. आणि माझं चुकलं नव्हतं. दादा उभा राहिला, अख्खे, टोकं असलेले निळे हातमोजे वर धरले, आणि म्हणाला, "मी सध्या एक नवा प्रयोग करतोय." पुढे दहा मिनिटं तो असा बोलला, की जणू हातमोज्यांचा शोध त्यानंच परवा लावला. रंग आणि माणूस यांच्यामधलं अंतर, संयम, शिस्त, काय वाट्टेल ते. माणसं माना डोलावत होती. आजारी बोटाचा उल्लेख कुठेच नाही. मी मनात आकडे मोजत बसले होते.

बँकेतल्या बाईंनी बांधलेलं बोट वर केलं. "सर, मग इतके दिवस स्पर्शाचं म्हणत होतात, त्याचं काय?"

दादानं माझ्याकडे बघितलं. मी त्याला काही मदत केली नाही. तो बाईंच्या बोटावरच्या पट्टीकडे बघत राहिला, मग खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला.

"मला या दोन बोटांना काही कळत नाही," तो उजवा हात पुढे करून म्हणाला. "दोन वर्षं झाली. मी उगाच भेगांची फुशारकी मारत होतो. तुमचं बोट माझ्यामुळे पिकलं."

बाई चिडल्या नाहीत. नुसत्या विचारात पडल्या.

"पण सर," त्या म्हणाल्या, "दर रविवारी तुम्ही माझ्या चित्रावरून हेच बोट फिरवायचात. इथे रंग जड झालाय म्हणायचात, इथे मऊ आहे म्हणायचात. मी घरी जाऊन ते सगळं वहीत उतरवून ठेवलंय."

दादानं हात मागे घेतला.

"ते मी अंदाजे सांगत होतो," तो म्हणाला.