मायसाठी निवडलेली मशीन

ती मशीन मी मायच्या पायांकडे बघून निवडली. माय बुटकी. बाजेवर बसली तर तिचे पाय जमिनीला टेकत नसत, आणि थंडी पडली की उजवा गुडघा धरायचा. म्हणून जालन्याच्या त्या दुकानात मी आधी एकेका मशीनचं पायडल बघत होते. वरचं काळंभोर अंग आणि त्यावरची सोनेरी वेलबुट्टी नंतर.

मी तेव्हा नुकतीच बारावी पास झाले होते. गावाहून रोज एसटीनं मंठ्याला जायचं, संध्याकाळी परत यायचं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढं गेलं नव्हतं. मी गेले ती मायमुळे. दहावीनंतर भावकीतली माणसं ओट्यावर बसून अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगायची, "पोरगी लई शिकली की जोडीचा पोरगा भेटत न्हाई, बघा." माय आतूनच बोलायची, "भेटंल न्हाईतर न भेटंल. तिला शाळेत तर जाऊ द्या. तुमच्या घरची भाकर खाऊन राह्यली का ती?" मग ओट्यावरची माणसं पिकापाण्याचं काढायची. शाळेत जाताना माझ्या दप्तराला कधी कुणी शेणाच्या हातानं शिवू नये, एवढ्यावर तिचं लक्ष असायचं. स्वतःला तिला अक्षर येत नव्हतं.

बारावीनंतर ठरलेलं असं होतं की मी जालन्याला मामाकडे राहायचं आणि बी.ए. करायचं. मामा एका बियाण्याच्या कंपनीत कामाला होता. तोच म्हणाला होता, "कॉलेज माझ्या घराहून सायकलीवर. ये तू बिनधास्त." मला इतिहास घ्यायचा होता. मामीनं तिच्या घरातला खिडकीजवळचा कोपराही मला दाखवून ठेवला होता.

त्याच उन्हाळ्यात मायनं मशीनचा विषय काढला. परकर घरी शिवता येतील, अण्णांच्या बंड्या शिवता येतील, गोधड्यांना हातानं टाके घालून बोटं गेली, असं ती येता-जाता बोलायची. मला फार आनंद झाला. आजवर तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. ती म्हणाली, "तूच निवड बाई. तुला शाळंत शिवणकाम होतं. मला काय कळतं त्यातलं?"

शाळेत आम्हाला शिवणकामाचा तास होता खरा. बाईंनी मशीनचे भाग पाठ करून घेतले होते. जालन्याला जायच्या आधी मी ते सगळे पुन्हा आठवले आणि माझ्या दोन मैत्रिणींच्या घरी जाऊन त्यांच्या मशिनी चालवून पाहिल्या. मायला पहिल्यांदाच काहीतरी मिळणार होतं. त्यात चूक होऊ द्यायची नव्हती.

दुकानात मामा आमच्याबरोबर होता. दुकानदार वयस्कर होते, सगळे त्यांना शेठ म्हणत.

"घरगुती पाह्यजे का टेलरकामाला?" त्यांनी विचारलं.

"घरगुती," मामा म्हणाला.

"मंग हातमशीन घेऊन जा. हलकी आहे. उचलली की कुठंबी नेता येते."

"हातमशीन नको," मी म्हणाले. "एक हात चाकावर गेला की कापड एकाच हातानं धरावं लागतं. गोधडी कशी शिवायची?"

शेठ माझ्याकडे बघून हसले. "ताई शिकलेल्या दिसतात."

"बारावी आहे," मामा म्हणाला. "फर्स्ट क्लास."

मग शेठनी पायमशिनी दाखवल्या. टेलर लोक वापरतात ती मोठी मशीन मी हात न लावताच सोडली. ती जाड कापडाला बरी, पण मायला जड जाईल. दुसऱ्या दोन होत्या, दिसायला सारख्याच. मी मायला एकीपुढे बसवलं. ती सुरुवातीला बसेना. मग पदर खोचून स्टुलावर बसली आणि पायडलवर पाय ठेवले. टाचा उचलून बोटांनी दाबायला लागली. चाक उलटं फिरलं आणि धागा तुटला.

"उलटी चालून राह्यली, अक्का," शेठ म्हणाले.

"माझी सगळीच मशीन उलटी हाये," माय म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली. मामाही हसला. मी खाली बसून तिच्या टाचा बघत होते. दुसऱ्या मशीनचा लोखंडी सांगाडा जरा ठेंगणा होता. तिथं तिच्या टाचा टेकल्या.

"गुडघा दुखला तर?" मी विचारलं.

"दुखला तर दुखला," ती म्हणाली.

पण मी शेठना विचारलंच. त्यांनी सांगितलं की चाकाला हाताची मूठ बसवून मिळते. पट्टा काढला की तीच मशीन हातानं चालते. मी म्हणाले, बसवा. मायला म्हणाले, "ज्या दिवशी पाय धरंल त्या दिवशी हातानं चालव." ती मान हलवून म्हणाली, "बराबर हाये. हातानं चालवीन." तिनं ती मूठ धरून फिरवूनही बघितली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. तो खरोखर मशीन घ्यायला आलेल्या बाईचा चेहरा होता.

मामा म्हणाला, "तुम्ही दोघी समोर चहा घेऊन या. मी बाकीचं बघतो."

आम्ही चहा घेतला. मायनं बशीत ओतून हळूहळू प्यायला आणि मला आग्रहानं खारी खाऊ घातली. परत आलो तेव्हा दुकानाच्या ओट्यावर एक पेंटर बसला होता. मशीनचं लाकडी झाकण त्यानं मांडीवर घेतलं होतं आणि बारीक ब्रशनं पांढऱ्या रंगात अक्षरं काढत होता. आमच्याकडे घरातल्या वस्तूवर नाव टाकायची पद्धतच आहे. हंड्यावर, कपाटावर, पंख्यावर. मला वाटलं मामानं मायचं नाव टाकायला सांगितलं. मला बरं वाटलं. मी वाकून वाचलं. त्यानं लिहिलं होतं, 'चि. सौ. कां.'

शाळेत पत्राचे मायने मला तोंडपाठ होते. वडिलांना 'ती.', लहानांना 'चि.', लग्न झालेल्या बाईला 'सौ.' पत्रलेखनात माझा एकही मार्क जात नसे. मी पेंटरला म्हणाले, "काका, चुकलं. ते 'चि. सौ. कां.' पुसा. नुसतं 'सौ.' लिहा. चि. सौ. कां. म्हणजे जिचं लग्न व्हायचं आहे ती. माझ्या मायचं लग्न होऊन वीस वर्षं झाली."

पेंटरनं ब्रश उचलला. तो गोंधळला होता. त्यानं आत मान वळवून विचारलं, "शेठ, नवरीचं नाव काय सांगितलं होतं?"

शेठनी आतूनच माझं नाव सांगितलं. आडनावासकट, स्पष्ट.

मामा आत काउंटरजवळ उभा होता. तो बाहेर आला आणि शेठना म्हणाला, "आत्ता कशाला टाकलं? मी नंतर म्हणलो होतो ना?" शेठ म्हणाले, "लग्नाची मशीन म्हणलात. लग्नाची म्हणल्यावर आम्ही टाकूनच देतो. जल्दी होती तुम्हाला." त्यांचं काही चुकलं नव्हतं.

मी मायकडे बघितलं. तिला वाचता येत नव्हतं, पण काय झालं ते तिला कळलं होतं. ती माझ्याकडे न बघता पेंटरला म्हणाली, "लिहा तुम्ही. रंग वाळू द्या नीट. एसटीच्या टपावर टाकायची हाये."

जालन्याहून मंठ्याच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो. मशीन टपावर होती. बरंच अंतर गेल्यावर मी विचारलं, "कुठला आहे?"

"टेंभुर्णीचा. तहशीलीत नोकरी हाये. तू बघितला हायेस."

"मी?"

"दिवाळीत आपण मामाकडं होतो तेव्हा दोन पाव्हणे आल्ते. बियाण्याच्या कामाचे म्हणले होते ते."

मला ते पाहुणे आठवले. मी त्यांना पोहे दिले होते. त्यातल्या तरुण माणसानं मला विचारलं होतं, पुढं काय शिकणार? मी इतिहासाबद्दल कितीतरी वेळ बोलले होते. देवगिरीबद्दल बोलले, पैठणबद्दल बोलले. घरात पहिल्यांदा कुणी शिकलेला माणूस मन लावून ऐकतो आहे असं मला वाटलं होतं. रात्री मी मायला उत्साहानं सांगितलंही होतं. ती म्हणाली होती, "असं का? बरं झालं." आता कळलं की तो मला बघायला आला होता आणि माय ते जाणून माझं ऐकत होती.

"मंग कॉलेजचं का बोललीस?" मी विचारलं. "मामीनं कोपरा दाखवला तो?"

"तुला आधी सांगितलं असतं तर तू आली असतीस का आज?"

"न्हाई."

"मंग?"

"अगं पण मशीन मी तुझ्यासाठी निवडली! तुझा पाय बघितला, तुझा गुडघा बघितला. तू तिथं बसून चालवून दाखवलीस!"

तिच्या पलीकडची बाई आमच्याकडे बघायला लागली. मायनं आवाज खाली आणला. "माझं लग्न ठरलं तेव्हा मला कुणी एक शब्द इचारला न्हाई. भांडं बी माझ्या पसंतीचं नव्हतं. तुला मशीन तरी निवडू दिली ना मी?"

ती हे मनापासून बोलत होती. तिला वाटत होतं की तिनं मला काहीतरी दिलं. तेच मला सहन झालं नाही. ओट्यावरच्या माणसांनी हे केलं असतं तर मी भांडले असते. त्यांच्याशी भांडायची सवय मला तिनंच लावली होती. तिच्याशी कसं भांडायचं ते मला माहीत नव्हतं. मी खिडकीकडे तोंड केलं. लग्नापर्यंत तिच्याशी कामापुरतंच बोलले.

लग्न झालं. मशीन टेंभुर्णीला गेली. रुखवतात मांडली तेव्हा बायका भोवती जमल्या आणि माझ्या सासूबाईंचं लक्ष चाकाच्या मुठीवर गेलं.

"पायमशीनला ही मूठ कशाला?" त्यांनी विचारलं.

"कधी पाय दुखला तर हातानं चालवता येते," मी खरं ते सांगितलं.

"आत्ताच पाय दुखतेत का तुझे? अठरा-वीस वर्षांची पोरगी तू." मग माझ्या जावेकडे वळून, मला ऐकू जाईल अशा आवाजात, "पायात काही खोट तर न्हाई हिच्या? चालायला लावून बघितलं होतं का कुणी?"

पुढं बरेच दिवस मी पाण्याला निघाले की सासूबाई दारात उभ्या राहून माझी चाल बघत असत. जाऊ हसून म्हणायची, "सासूबाई, सरळ चालून राह्यली की." मीही हसायचे. ठेंगण्या सांगाड्यावर माझे गुडघे वरच्या फळीला आपटायचे, कारण मी उंच, वडिलांच्या वळणावर गेलेली. मशीन जाऊच वापरायची. मी अगदी अडलं तरच बसायचे.

माझ्या नवऱ्याबद्दल मला इथं लिहिलंच पाहिजे. ते मला कधी तोडून बोलले नाहीत. पाहुणे म्हणून आले होते ती गोष्ट मी एकदा काढली तेव्हा ते म्हणाले, "मला वाटलं तुला माहीत होतं. म्हणून तर तू एवढी बोललीस." मला काही माहीत नाही, हे त्यांनाही कुणी सांगितलेलं नव्हतं. मुलं शाळेत जायला लागल्यावर त्यांनीच बाहेरून परीक्षा द्यायचं काढलं, पुस्तकं आणून दिली, परीक्षेच्या दिवसांत सासूबाईंना समजावलं. सासूबाईंनीही तेव्हा माझ्या वाटच्या भाकरी थापल्या. एका वर्षी नापास झाले, एक वर्ष धाकट्याच्या आजारपणात गेलं. पण बी.ए. झाले. इतिहास घेऊनच. या माणसांचे उपकार मी विसरणार नाही, आणि मला शाळेत टिकवणाऱ्या मायचेही नाही. हे मी लिहायचं म्हणून लिहीत नाही.

निकाल लागल्यावर पेढे घेऊन मी माहेरी गेले. अण्णा शेतात होते. शेजारच्या काकू आल्या. मायनं त्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाली, "आमच्या पोरीला आम्ही ग्रॅज्युएट केलं बघा. भावकी काय काय बोलत होती तेव्हा."

इतकी वर्षं मी गप्प होते. त्या दिवशी का कोण जाणे, माझ्या तोंडून गेलं, "ग्रॅज्युएट केलं न्हाई माय. तू मला फसवलं."

काकूंचा पेढा हातातच राहिला. माय चुलीपुढून उठली नाही. तिनं लाकूड आत सरकवलं.

"हो, फसवलं," ती म्हणाली. "आन् बारावीपत्तोर कुणी शिकवलं? तेबी मीच. दोन्ही मीच केलं. तुझ्या बापात दोन्हीचं बी धाडस नव्हतं."

काकू घाईघाईनं म्हणाल्या, "जाऊ द्या हो, आनंदाच्या दिवशी." आणि पेढा खाल्ला.

मी त्या दिवशी मुक्काम करणार होते. केला नाही. दुपारच्या गाडीला निघाले तेव्हा माय माझी पिशवी घेऊन फाट्यापर्यंत आली. गुडघ्यामुळं ती हळू चालत होती. तिच्यासाठी मला चाल कमी करावी लागली. फाट्यावर लिंबाखाली आम्ही उभ्या राहिलो. तिनं पिशवी खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "बी.ए.ला नेमकं काय शिकवतेत गं?"

हा प्रश्न तिनं मला कधीच विचारला नव्हता. मंठ्याला जात होते तेव्हा नाही, त्या दिवाळीत नाही, नंतरही नाही. ती उत्तराची वाट बघत माझ्याकडे तोंड वर करून उभी होती. गाडीला अजून वेळ होता. सांगता आलं असतं.

"ऊन लागंल तुला," मी म्हणाले. "तू जा घरी. मी बसते गाडीत."

ती पिशवी माझ्या पायाजवळ सरकवून निघाली.