अक्कांचा राऊटर दुपारी बंद असतो

आधीच सांगून टाकते, आमच्या घरात अंगारे-धुपारे, गंडे-ताईत, अमावास्येला बाहेर पडू नका... यातलं काहीही चालत नाही. सासऱ्यांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून घरात देव्हारासुद्धा नाही. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा माझ्या दंडातला काळा दोरा त्यांनी स्वतः कात्रीने कापला होता आणि वर चहा पाजला होता. त्यामुळे इथे या ग्रुपवर येणारे भुताखेतांचे अनुभव मी वाचते ते करमणूक म्हणून. वाचते आणि हसते. आता तुम्ही हसा, माझी हरकत नाही. पण या प्रकारामुळे माझी जाऊ आज जिवंत आहे, एवढं लक्षात ठेवून हसा.

जागा बिबवेवाडीतली. चार मजली सोसायटी, तिसरा मजला, समोरासमोर दोन फ्लॅट. एकात मी, दुसऱ्यात थोरली जाऊ — त्यांना सगळे अक्काच म्हणतात. दोघींचेही नवरे गेले, मुलं नोकरीच्या गावी. अक्कांना डायबेटिस आहे, गोळ्या चालू असतात, आणि मधूनच शुगर एकदम खाली येते. माझ्याकडे जेवत जा म्हटलं की म्हणायच्या, मला हात आहेत अजून.

इंटरनेट दोघींत एकच. राऊटर अक्कांच्या हॉलमध्ये. तिथून एक वायर दारावरून, पॅसेजमधल्या पांढऱ्या पट्टीतून माझ्या कॉम्प्युटरला येते. ही सगळी व्यवस्था त्यांच्या प्रशांतने बंगळूरला जाण्याआधी करून दिली. माझा कॉम्प्युटर जुनापुराणा, त्याला वाय-फाय नाहीच. येतं ते सगळं त्या वायरीतूनच.

आता अक्कांचा नियम ऐका. दुपारी एक ते चार झोप. त्या वेळात बेल वाजवायची नाही, फोन करायचा नाही. आणि झोपायला जाताना त्या हॉलची एमसीबी — दाराशेजारच्या बोर्डावरचा तो काळा खटका — खाली पाडतात. एकेक बटण कोण बंद करत बसणार? पंखा, टीव्ही, त्यांचा कॉम्प्युटर, राऊटर, सगळं एकदम गप्प. म्हणजे एक ते चार माझ्याकडेही इंटरनेट नाही. सुरुवातीला मी कुरकुर केली होती, की राऊटरला कशाला हवी झोप? त्यावर म्हणाल्या, "दिवसभर तुझ्या मालिका बघाव्या लागतात त्याला. माणसापेक्षा जास्त हवी." विषय संपला.

विहाराच्या स्मरणिकेचं टायपिंग माझ्याकडे आहे. साठी उलटल्यावर व्हिडिओ बघून बघून शिकले मी हे सगळं, कुठल्या क्लासला गेले नाही. स्मरणिकेत घालायचे सासऱ्यांचे आणि जुन्या वस्तीतले फोटो प्रशांतने स्कॅन करून अक्कांच्या कॉम्प्युटरवर ठेवलेत. त्या फोल्डरचं शेअरिंग केलंय, म्हणजे मी माझ्या घरात बसून तो उघडू शकते. पण कुठलंसं अपडेट आलं आणि फोल्डर दिसेनासाच झाला. इंटरनेट व्यवस्थित, अक्कांचा कॉम्प्युटर मात्र नेटवर्कवर गायब.

त्या दिवशी सकाळपासून मी त्याच्याच मागे होते. राऊटरचा प्लग काढ, थोडं थांब, परत लाव. पहिला दिवा लागतो, मग दुसरा नारिंगी लुकलुकतो, मग सगळ्यात शेवटचा हिरवा होतो — असं किती वेळा बघितलं असेल. वायर बदलली. अक्कांच्या कॉम्प्युटरवर शेअरिंग बंद करून पुन्हा चालू केलं. या घरातून त्या घरात फेऱ्या मारून चप्पल झिजली. अक्का स्वयंपाक अर्धा टाकून माझ्यामागे उभ्या. सरकारी कचेरीत आयुष्य काढलेली बाई ती... म्हणे, "आमच्या ऑफिसात असतीस ना सुमन, तर एव्हाना गडचिरोलीला बदली झाली असती तुझी."

एक वाजला. बास, उरलेलं चारनंतर, म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

मला वाटलं, जेवल्या असतील मधेच कधीतरी. नव्हत्या जेवल्या. नंतर कळलं — गोळी वेळेवर घेतली होती, जेवण राहिलं होतं, आणि एक वाजला म्हणून बाईंनी जेवण पुढे ढकललं. झोप नाही ढकलली! असं फक्त आमच्या अक्काच करू शकतात.

मी जेवले आणि पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसले. मोबाइलच्या डेटावर व्हिडिओ लावला. त्यातल्या मुलाने सांगितलं की अपडेटनंतर कॉम्प्युटर कधीकधी घरच्या नेटवर्कलाच 'पब्लिक' समजून बसतो. म्हणजे एसटी स्टँडवर बसल्यासारखा, कुणाशी ओळख दाखवत नाही. ते 'प्रायव्हेट' करा. मी सेटिंग शोधलं, केलं प्रायव्हेट. आणि समोर अक्कांचा कॉम्प्युटर! फोल्डर उघडला. सासरे, विहाराची पायाभरणी, पांढऱ्या लुगड्यातल्या बायकांची रांग... सगळं होतं. मी सगळे फोटो कॉपीला लावले. हिरवी पट्टी सरकायला लागली. एकटीच टाळ्या वाजवल्या मी.

मग घड्याळाकडे लक्ष गेलं. चार वाजायला चिक्कार अवकाश होता.

माझ्या मनात आलं ते एवढंच, की अक्का जाग्या आहेत! मला गडचिरोलीला पाठवून स्वतः गुपचूप राऊटर लावून बसल्यात. आता सोडत नाही. टोमणा तोंडात तयार ठेवून गेले आणि बेल वाजवली. काही नाही. दुसऱ्यांदा वाजवली. दुपारी दोनदा बेल वाजवणाऱ्याला अक्का आतूनच काय काय ऐकवतात ते सोसायटीला ठाऊक आहे. आतून शब्द नाही. त्यांची एक चावी माझ्याकडे असते. ती आणून दार उघडलं.

अक्का स्वयंपाकघरात, ओट्याला पाठ टेकून खाली बसलेल्या. ब्लाऊज घामाने चिंब. नजर माझ्यावर, पण ओळख नाही. मला "आई" म्हणाल्या. शुगर उतरली होती. साखरेचं दाट पाणी केलं, चमचा ओठांना लावला. गिळत होत्या, नशीब. गॅलरीतून खालच्या शेखभाईंना हाक मारली. त्यांचा मार्केट यार्डात कांद्याचा गाळा आहे, दुपारी जेवायला घरी येतात. ते धावत आले. वारा लागावा म्हणून त्यांनी हॉलच्या पंख्याचं बटण दाबलं, पंखा फिरेना.

"भाभी, लाइट गेली का?"

बोर्ड बघा म्हटलं. त्यांनी एमसीबी वर केली. पंखा फिरला. आणि मी बसले होते तिथून समोर हॉलमधला राऊटर दिसत होता... त्याचा पहिला दिवा लागला. मग दुसरा नारिंगी लुकलुकायला लागला.

म्हणजे तो आत्ता, या क्षणी सुरू होत होता.

चमचा हातात तसाच राहिला. मग अक्कांनी तोंड उघडलं, आणि मी दुसरा चमचा भरला. त्या वेळी एवढंच सुचलं.

शेखभाईंच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. चार वाजेपर्यंत तशाच राहिल्या असत्या तर... मी बाहेर बाकावर बसून पोटभर रडून घेतलं. संध्याकाळी अक्का उठून बसल्या, चहा पाणचट आहे म्हणाल्या. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मी विचारलं, खटका तुम्ही मधे वर केला होतात का? नाही. एकला पाडला तो पाडला. हातपाय कापायला लागले म्हणून साखर घ्यायला उठल्या, ओट्यापर्यंत पोचल्या, पुढचं आठवत नाही.

घरी येऊन बघितलं, तर फोटो माझ्या कॉम्प्युटरवर सगळेच्या सगळे.

प्रशांत बंगळूरहून आला. आईला बघितलं, मग कॉम्प्युटर. घरात इन्व्हर्टर नाही. माझी वायर त्या राऊटरशिवाय कुठेच जात नाही. वायर मेलेली असेल तर ते 'पब्लिक-प्रायव्हेट'चं सेटिंग दिसतसुद्धा नाही म्हणे. अक्कांच्या कॉम्प्युटरच्या पोटात नोंद निघाली की तो एकला एकदम बंद पडला, आणि नंतर विजेचा पत्ता नाही. फोटो आलेत ते एक वाजल्यानंतर आणि शेखभाईंनी खटका वर करायच्या आधी, त्या मधल्या वेळात. शेवटी म्हणाला, "काकू, मला नाही सांगता येत."

मलाही नाही येत. माझा आजही कशावर विश्वास बसलेला नाही. सासरे असते तर म्हणाले असते, कारण शोध. शोधतेय. कुणा जाणकाराला सुचलं तर जरूर कळवा. पण नाही मिळालं तरी माझी झोप उडत नाही. अक्का हल्ली बारा वाजता माझ्याकडे येतात आणि पानावर बसल्यावरच गोळी घेतात. आत्ताही आतून विचारतायत, लिहून झालं का तुझं, भूक लागलीय मला. त्यांच्या तोंडून हे ऐकलं की किती बरं वाटतं म्हणून सांगू... चला, उठते. भाकऱ्या टाकायच्यात.