भोपळ्यातली जवारी

तिसगावचा याकोब सुतार तरुणपणी मस्कतला गेला, तो फर्निचर बनवायला. पण दुकानाशेजारी एक म्हातारा ऊद बनवायचा. अरबांचे फुगीर पोटाचे ते तंतुवाद्य पाहून याकोबचे हात शिवशिवू लागले आणि सुट्टीचे सगळे दिवस तिथेच गेले. वाद्यात बारीकशी खरखर आली तरी म्हातारा ते पुन्हा उकलायला लावी. पुढे मालकाने याकोबला आफ्रिकेतल्या मोंबासाच्या दुकानात धाडले. तिथेही तो असाच एका वाद्यकारागिराच्या अंगणात रमला. गावी परतल्यावर पडवीत त्याने स्वतःचे काम मांडले. आपल्याकडचा वाळका भोपळा, त्याला ऊदसारखी मान, तारा तंबोऱ्याच्या.

या खेपेचे वाद्य मात्र घरातच राहायचे होते. त्याची बायको दया चर्चमध्ये भजनाला सूर धरायची. वर्षभरात तिचे कान मंदावले. कानातले यंत्र लावले की भांड्यांचा खणखणाट तेवढा ऐकू येई, सूर नाही. दोनदा भजन घसरल्यावर पेटी वाजवणारी सिल्व्हिया मायेने म्हणाली, "मावशी, आता तुम्ही माझ्यामागून म्हणा." तेव्हापासून दया शेवटच्या बाकावर बसते आणि ओठही हलवत नाही.

हंगामाचा सण जवळ आला होता. चर्चमध्ये वाहायचे धान्य दया पडवीतच निवडत होती. याकोबने वाद्य तिच्यापुढे धरले.

"लाकूड लई गुळगुळीत केलंय," ती म्हणाली. "आवाज कुठंय?"

"जवारी बाकी हाय अजून," तो मोठ्याने म्हणाला. तारेखालची लाकडी घोडी अशी घासायची की तार गुणगुणली पाहिजे, त्याला कारागीर जवारी म्हणतात. पण दयाला तेवढे एकच वाक्य सांगून तो कानस आणायला बाजारात गेला.

परत येऊन वाद्य उचलतो, तर पोटात खुळखुळ.

"ह्यात काय टाकलंस गं?"

"जवारी. तुमीच म्हनला, बाकी हाय. दोन मुठी घातली, पुरंल न्हवं?"

याकोबने कपाळावर हात मारला. तिच्यापुढच्या सुपात निवडायची ज्वारीच होती. "अगं, ती जवारी न्हाई. ती तारंची!"

"मग नीट सांगावं मानसानं. बहिऱ्या बायकूला कोड्यात बोलत्यात व्हय?"

दाणे काढायला दयाने भोपळा छातीशी धरून पालथा केला. तारांखालच्या भोकातून दाणे पडू लागले. वैतागलेल्या याकोबने तार छेडली, आणि दया थबकली.

"पुन्यांदा वाजवा."

त्याने वाजवली. भोपळ्याच्या पाठीवर तिचा तळवा होता. आत उरलेले दाणे थरथरत होते. तिने हलकेच 'सा' लावला. दाणे गप्प. आवाज थोडा वर नेला, तशी भोपळ्याने साद दिली आणि दाणे तिच्या तळव्याखाली नाचू लागले. सूर मिळाला होता. तिचे डोळे भरून आले आणि ती हसलीही.

याकोबला मोंबासाचा कारागीर आठवला. तो वाद्याच्या पोटात मुद्दाम बिया टाकी आणि म्हणे, वाद्याला काळीज नको का? याकोबला ते पोरकट वाटले होते. मस्कतच्या म्हाताऱ्याने ही खरखर ऐकली असती, तर वाद्य चुलीत घातले असते.

"काढू का दानं?" दयाने विचारले.

"ऱ्हाऊ दे," याकोब म्हणाला आणि कानस खोक्यात ठेवून दिली.

सणाच्या रविवारी दया भोपळा मांडीवर घेऊन पुढच्या सतरंजीवर बसली. सिल्व्हियाने पेटीवर नेहमीचा सूर दिला. दयाने तिकडे पाहिलेच नाही. तार छेडली, तळवा टेकवला, क्षणभर थांबली आणि गायला लागली. सूर पेटीपेक्षा किंचित वरचा होता, पण पक्का. पुरुषांच्या बाजूला याकोब मान उंचावून पाहू लागला.

सिल्व्हियाची बोटे पट्ट्यांवर घुटमळली. मग तिने पट्टी बदलली आणि मावशीच्या मागून वाजवू लागली.