मागची सीट

या माणसाचा मला राग येतो, आणि तो अजून उतरलेला नाही. हिंगणघाटात आमच्या शेजारीच त्याचं जुन्या स्पेअर पार्टचं दुकान होतं. वाहतूक सुरू न झालेल्या बायपासवर रविवारी दोन-दोन गाड्यांची पाव मैलाची सरळ शर्यत लागायची. नवख्याची गाडी तयार करायचं काम याच्याकडे. कोणतीही वस्तू तो तळहातावर तोलायचा आणि म्हणायचा, "फुकटचं वजन हाय बे, काढ."

मी शर्यतीत उतरवायला काढलेल्या बाबांच्या जुन्या फियाटमधून स्टेपनी गेली, बंपर गेले. मागच्या सीटपाशी मी अडलो. "बाबा मागंच बसतात," म्हटलं.

"रेस कोन लावून राह्यला? तू का तुहे बाबा?"

दुकानात जमलेली पोरं हसली. मी चिडून सीट उपटली.

शर्यतीआधीच बाबांच्या छातीत कळ आली. हा धावत आला, गाडीत मागे सीटच्या जागी उघड्या पत्र्यावर बसला आणि वर्ध्याच्या दवाखान्यापर्यंत बाबांना मांडीवर धरून राहिला. वरून मलाच शिव्या. "क्लच हळू सोड, गधड्या! खड्डा दिसत नाई काय तुले?"

बाबा वाचले. आईने सीटचं विचारलं, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत हा म्हणाला, "फाटली होती वहिनी, मीच शिवाले नेलती."

तसं सांग, असं मी त्याला म्हटलं नव्हतं. पण आईसमोर मी मान हलवली, आणि त्या माणसावर ओरडायचा माझा हक्क तिथेच संपला.