हिरव्या खुणेचं ताट

आमचा धंदा भांड्यांचा. न खपलेला माल माळ्यावर साचत जातो, तसे आमच्या गुलमंडीच्या बाजारात किस्से साचतात. फरक एवढाच की माल शेवटी मोडीत तरी घालता येतो. किस्सा मोडीत घेणारा दुकानदार मला अजून भेटलेला नाही!

आमच्या कोपऱ्यावर शुगरवाले तिघं. मी, साड्यांचे वसंतशेठ आणि घड्याळवाले बशीरभाई. वसंतशेठची सून मनीषा शिकलेली, जिवाला जीव देणारी पोर. सासऱ्याची शुगर उतरेना म्हणून तिनं आम्हा तिघांच्या मोबाईलवर एक ॲप टाकून दिलं. जेवायच्या आधी ताटाचा फोटो टाकायचा. जेवण चांगलं असेल तर ॲप हिरवी खूण देणार, वाईट असेल तर लाल. पलीकडं आहाराच्या एक मॅडम बसलेल्या. वर एकाचं ताट दुसऱ्याला दिसणार!

पहिल्याच दिवशी बशीरभाईंनी मटणाचा नान-खलिया टाकला. लालभडक खूण! मॅडमचा फोन आला, "काका, हे काय?"

"मॅडम, शादी का खाना है. तुम खाने का फोटू मंगे, मैं खाने का भेजा!"

मी मात्र जेवून हात धुतल्यावर आठवण आली म्हणून रिकाम्या ताटाचा फोटो टाकला. हिरवी खूण! तेव्हाच मी ओळखलं, हे मशीन व्यापाऱ्याच्या हातात द्यायच्या लायकीचं नाही.

*

वसंतशेठचे फोटो बघण्यासारखे असायचे. ज्वारीची भाकर, मेथीची भाजी, काकडी. रोज हिरवं. मी एकदा नीट निरखून बघितलं आणि दुपारी त्यांच्या गादीवर जाऊन बसलो.

"शेठ, भाकरीचा कोपरा रोज एकाच जागी कसा काय तुटतो?"

शेठ हसले. "शोकेसमधली साडी मी रोज बदलतो का? सँपल आहे ते!"

एकदाच काढलेला फोटो ते रोज टाकत होते. आणि खरा माल मागच्या गल्लीतल्या जिलबीच्या गाड्यावर उचलत होते.

*

पुढं मॅडमना शंका आली. रोज नवा फोटो हवा म्हणाल्या. तर शेठ माझ्या दुकानात हजर!

"मोठं ताट दाखव. लई मोठं."

"कशाला?"

"मोठ्या ताटात भात थोडा दिसतो."

"शेठ, ताट मोठं होईल, पोट तेच राहील."

"तू ताट दे. सल्ला घरी फुकट मिळतो मला."

दिलं. गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही, हे आम्हाला दूध पितानाच शिकवतात.

*

ॲपनं शेठला बक्षीस म्हणून एक सोनेरी बिल्ला दिला. मोबाईलमधलाच, पण मनीषाला आभाळ ठेंगणं. तिनं त्या आनंदात सगळ्या लाइनीला पेढे वाटले!

शेठनं दोन उचलले.

"शेठ, फोटू?" बशीरभाईंनी डोळा मारला.

"देवापुढं ठेवून आणलेत तिनं. प्रसादाचा फोटो काढत नसतात."

लाल खुणा खाऊन खाऊन, मॅडमची बोलणी ऐकून बशीरभाईंची शुगर खरंच उतरली. शेठकडं बिल्ला होता.

*

मग शेठच्या पायाला चप्पल लागली. जखम भरेना. अंगठा काळा पडला आणि दवाखान्यात तो काढावा लागला. आम्ही दोघं भेटायला गेलो, तर डॉक्टर मनीषाला विचारत होते, "खातात काय हे?"

तिनं मोबाईल पुढं केला. वरपासून खालपर्यंत हिरवं.

"जेवण तर उत्तम आहे. मग साखर येते कुठून?" डॉक्टर विचारात पडले. त्यांनी गोळ्या बदलल्या.

डॉक्टर आणि मनीषा बाहेर गेल्यावर बशीरभाई खाटेवर वाकले. "बोल दो शेठ. अब तो बोल दो."

शेठ छताकडं बघत राहिले. "पोरगी रडंल रे. लई अभिमानानं दाखवती ती."

आम्हीही बोललो नाही. घरची गोष्ट, आपण कशाला बोला? बाजाराची ही रीतच आहे. महिन्याभरात पाय गुडघ्यापासून गेला. मग शेठ.

*

दहाव्याला कायगावच्या घाटावर आम्ही सगळे. गेलेल्याच्या आवडीचं पान पिंडाजवळ मांडतात. कावळा शिवला की इच्छा पुरी झाली. मनीषानं पान स्वतः मांडलं होतं. ज्वारीची भाकर, मेथीची भाजी, काकडी.

कावळे आले, झाडावर बसले. खाली एक उतरेना.

शेठच्या मुलानं हात जोडले, "बाबा, दुकान विकणार नाही." कावळा नाही. "आईला अंतर देणार नाही." नाही. ऊन डोक्यावर आलं. मनीषा रडत म्हणाली, "बाबा, तुम्हाला आवडतं तेच केलंय हो सगळं!"

मी खाली बघत होतो.

बशीरभाई घाटाच्या वरच्या पायरीवर बाजूला उभे होते. ते गाडीकडं गेले, एक तेलकट पुडी घेऊन आले आणि मुलाच्या हातात दिली. मागच्या गल्लीतली जिलबी. मुलानं ती पानावर ठेवली.

ठेवून हात मागं घेतो न घेतो तोच कावळा!

मनीषा त्या पानाकडं बघत राहिली. बघता बघता तिनं पिशवीतून सासऱ्यांचा मोबाईल काढला आणि पानाचा फोटो घेऊन ॲपवर टाकला.

माझ्या खिशात मोबाईल वाजला. वसंतशेठच्या नावापुढं लाल खूण.